मालाच्या नावाचे संकेतस्थळ : एकवचन घ्यावे की अनेकवचन?

(शेतकरी उत्पादक गटांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



कलमे कोणत्या जातीची घ्यावीत, छाटणी केव्हा करावी, खताची मात्रा किती द्यावी, याविषयी अशा मेळाव्यांतून आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, हा तर शाळेतला व्याकरणाचा तास झाला. एकवचन आणि अनेकवचन! परंतु आपला माल थेट ग्राहकाला विकू पाहणाऱ्या गटांपुढे हा प्रश्न आज प्रत्यक्ष उभा आहे. संकेतस्थळाचे नाव नोंदवायला आपण बसतो आणि पहिलीच अडचण येते. नाव 'आंबा' घ्यावे की 'आंबे'? इंग्रजीत घ्यायचे तर 'मँगो' की 'मँगोज'? फरक एखाद्या अक्षराचा आहे, पण त्या अक्षरापायी तुमच्या ग्राहकाची मागणी दुसऱ्याच्या दारी जाऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

नाव म्हणजे काय?

इंटरनेटवरील संकेतस्थळाच्या नावाला डोमेन म्हणतात. बिंदूच्या आधीचे नाव आपण निवडतो. बिंदूनंतर 'कॉम', 'इन' किंवा 'भारत' अशी शेपटी असते. 'कॉम' ही शेपटी १९८५ पासून वापरात आहे. 'इन' ही आपल्या देशाची शेपटी असून २००५ पासून तिची नोंदणी सर्वांना खुली झाली. तिचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. डोमेन म्हणजे सातबाऱ्यावरील मालकी नव्हे, तो भाडेपट्टा आहे. एका वेळी कमीत कमी १ वर्षासाठी आणि जास्तीत जास्त १० वर्षांसाठी तो मिळतो आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. जो आधी मागेल त्याला नाव मिळते. नाव देताना तुम्ही शेतकरी आहात की व्यापारी, हे कोणी पाहत नाही.

काही जण विचारतील, आम्ही व्हॉट्सॲपवर माल विकतो, मग हे नाव कशाला? व्हॉट्सॲपचा गट एका माणसाच्या फोनवर चालतो. तो माणूस गटातून गेला, फोन हरवला, क्रमांक बदलला की ग्राहक तुटतो. दुसऱ्याच्या विक्री-स्थळावर माल ठेवला तर ग्राहक त्या कंपनीचा होतो, तुमचा होत नाही. पेटीवर, बिलावर, पिशवीवर छापलेले स्वतःचे नाव मात्र माणूस बदलला तरी तेच राहते. हंगाम दोन महिन्यांचा असतो. मागच्या वर्षीचा ग्राहक पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा सापडतो की नाही, यावर थेट विक्रीचे गणित अवलंबून असते.

संगणकाला व्याकरण कळत नाही

'आंबा' आणि 'आंबे' ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, हे आपल्याला कळते. संगणकाला ती दोन स्वतंत्र नावे वाटतात. तुम्ही एक घेतले म्हणून दुसरे तुमच्यासाठी राखून ठेवले जात नाही. उद्या ते कोणी घेतले तर तुम्हाला सूचनाही येत नाही. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत तेवढा फरक धरला जात नाही. एरवी एक अक्षर बदलले की पत्ता बदलला.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. पहिला संकेतस्थळावर. ग्राहकाने चुकीचे रूप टाइप केले की तो दुसऱ्याच्या दुकानात पोहोचतो आणि तेथेही आंब्याच्या पेटीचे चित्र असेल तर त्याला चूक उमगतही नाही. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे, तो ई-मेलवर. एका अक्षराने चुकलेल्या पत्त्यावरील पत्र परत येईलच असे नाही. त्या नावाच्या धारकाने तशी सोय केली असेल तर पत्र सरळ त्याच्याकडे जाते. मागणी, पत्ता, पैसे भरल्याची पावती, सारे काही त्याच्या हाती पडते. 

बाजाराची भाषा आणि घरची भाषा

मग दोहोंतील कोणते रूप निवडावे? याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नसून आपल्या ग्राहकाच्या तोंडी असते.

बाजार समितीच्या भावफलकाकडे पाहा. तेथे 'कांदा', 'बटाटा', 'हरभरा', 'शेंगदाणा', 'बेदाणा' असेच लिहिलेले असते. हजारो क्विंटल आवक झाली तरी फलकावर 'कांदे' असे कोणी लिहीत नाही. अडत्या म्हणतो, "आज कांदा उतरला." तासगावच्या सौद्यात बेदाणा विकला जातो, बेदाणे नव्हे. घाऊक व्यवहारात माल हा एक जिन्नस असतो आणि जिन्नस एकवचनात बोलला जातो.

आता घरात या. घरातील माणूस दुकानात जाणाऱ्याला सांगतो, "शेंगदाणे आण, चार कांदे आण, बेदाणे थोडेसेच आण." मे महिन्यात शहरातील ग्राहक विचारतो, "आंबे आले का?" तो डझनाने किंवा पेटीने घेतो, एकेक फळ दाबून पाहतो, मोजून घेतो. त्याच्या डोळ्यांपुढे जिन्नस नसतो, फळे असतात. म्हणून तो अनेकवचनात बोलतो.

यावरून पहिला नियम निघतो. तुमचा ग्राहक व्यापारी, प्रक्रिया कारखानदार किंवा निर्यातदार असेल तर एकवचन घ्यावे. तुमचा ग्राहक घरगुती असेल आणि ताजे फळ मोजून घेणार असेल तर अनेकवचन त्याच्या तोंडी अधिक बसते. दोन्ही प्रकारचे ग्राहक असतील तर ज्याच्याकडून अधिक उत्पन्न येते त्याच्या भाषेला मुख्य नावाचा मान द्यावा.

इंग्रजी नाव घ्यावयाचे असल्यास

इंग्रजीतही अशीच रीत आहे आणि तिची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. द्राक्ष निर्यातीसाठी १९९१ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नाव 'महाग्रेप्स'. त्यात 'ग्रेप्स' हे अनेकवचन आहे. पण त्याच धर्तीवर आंबा, केळी आणि डाळिंबासाठी पुढे आलेली नावे पाहा : 'महामँगो', 'महाबनाना', 'महाअनार'. ही सारी एकवचनी आहेत. असे का व्हावे? द्राक्षाचा एक मणी कोणी विकत घेत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस द्राक्षांविषयी बहुधा अनेकवचनातच बोलतो. आंबा मात्र एकटाही फळ म्हणून मिरवतो.

तसेच, इंग्रजीत मालाच्या नावापुढे दुसरा शब्द जोडला की पहिला शब्द बहुधा एकवचनी राहतो. 'मँगो पल्प', 'ग्रेप ज्यूस', 'बनाना चिप्स' असे म्हणतात. तेथे 'मँगोज पल्प' होत नाही. निर्यातीच्या बागांची नोंद ठेवण्यासाठी अपेडाने केलेल्या प्रणालींची नावे 'ग्रेपनेट', 'मँगोनेट', 'अनारनेट' अशी आहेत, हे निर्यातदार बागायतदारांना ठाऊक आहे. तेथे 'ग्रेप्स'चे पुन्हा 'ग्रेप' झाले. यास्तव दुसरा नियम असा : मालाच्या नावापुढे 'फार्म', 'पल्प', 'ज्यूस' असा शब्द येणार असेल तर एकवचन घ्यावे. मालाचे नाव शेवटी येणार असेल, उदाहरणार्थ गावाचे नाव आणि त्यापुढे फळाचे नाव, तर इंग्रजीत अनेकवचन सहज वाटते.

इंग्रजी अनेकवचनात स्पेलिंगचा घोळही असतो. 'मँगो'चे अनेकवचन नुसता 'एस' लावून लिहितात आणि 'ई-एस' लावूनही लिहितात. दोन्ही शुद्ध समजली जातात. म्हणजे आंब्याची दोन नव्हे, तीन रूपे झाली. 'टोमॅटो'ला मात्र 'ई-एस'च लागतो. 'स्ट्रॉबेरी'च्या शेवटचा 'वाय' जाऊन 'आय-ई-एस' येतो. मिरचीला इंग्रजीत 'चिली' म्हणतात. त्यात 'एल' एक की दोन आणि शेवटी 'आय' की 'वाय', याविषयी मोठे लोकही अडखळतात. जेथे अनेकवचन करताना स्पेलिंग बदलते तेथे एकवचन अधिक सुरक्षित असते.

मराठी नाव रोमन अक्षरांत

मराठी नाव रोमन अक्षरांत नोंदवताना निराळीच काळजी घ्यावी लागते. 'आंबा' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला की तो 'अंबा' असाही वाचता येतो. 'आंबे' लिहिले तर 'अंबे' वाचले जाते. ग्राहकाला फळाऐवजी देवी आठवली तर दोष त्याचा नाही. 'केळी' हे तर फळाचे अनेकवचनही आहे आणि झाडाचे नावही. शिवाय रोमन अक्षरांत ते 'केली' असे वाचले जाते. संत्र्याला विदर्भात 'संत्रा' म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात 'संत्रे', आणि अनेकवचन 'संत्री'. माल नागपूरचा आणि ग्राहक पुण्याचा असेल तर कोणाच्या बोलीने जावे, हे आधी ठरवावे.

सुदैवाने आपल्या काही मालांच्या नावांना ही अडचणच नाही. हापूस, काजू, चिकू, पेरू, फणस ही नावे एकवचनात आणि अनेकवचनात सारखीच राहतात. एक हापूस, बारा हापूस. गूळ, मध आणि हळद यांचे तर व्यवहारात अनेकवचन होतच नाही. अशा मालासाठी मराठी नाव घेतल्यास निम्मी चिंता मिटते. मात्र तेथे स्पेलिंगचा प्रश्न उरतो. 'हापूस'मधील 'पू' एका 'यू'ने लिहावा की दोन 'ओ'ने? 'गूळ'मधील 'ळ'साठी तर रोमन लिपीत वेगळे अक्षरच नाही. अशा वेळी सर्वांत आखूड आणि पेटीवर आजवर छापत आलेले स्पेलिंगच ठेवावे.

ज्या नावांचे रूप बदलते, उदाहरणार्थ आंबा-आंबे, बेदाणा-बेदाणे, डाळिंब-डाळिंबे, द्राक्ष-द्राक्षे, मिरची-मिरच्या, तेथे मूळ रूप, म्हणजे एकवचन, बहुधा आखूड आणि वाचायला सोपे असते. अडचण असेल तेथे मूळ रूपाकडे झुकावे.

देवनागरीतील नाव

२०१४ पासून 'भारत' ही शेपटी देवनागरीत उपलब्ध आहे. तीत मालाचे नाव मराठीतच लिहिता येते. 'अंबा' आणि 'आंबा' यांतील गोंधळ तेथे राहत नाही. परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा राहतो. 'गूळ' हा शुद्ध शब्द, पण 'गुळाचा' म्हणताना तो ऱ्हस्व होतो आणि अनेक जण 'गुळ' असेच लिहितात. 'हापूस' आणि 'हापुस' यांचेही तसेच. संगणकाच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे पत्ते होत. देवनागरी नाव घ्यावयाचे असल्यास शुद्ध रूप मुख्य ठेवून प्रचलित रूपही नोंदवावे. देवनागरीतील ई-मेल पत्ते सर्वच सेवा स्वीकारीत नाहीत. म्हणून देवनागरी नाव हे रोमन नावाच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नसावे.

दोन्ही रूपे घ्यावीत काय?

शक्य असेल तर अवश्य घ्यावीत. एका नावाचे वर्षाचे शुल्क साधारणपणे चांगल्या हापूसच्या एक-दोन डझनांच्या किमतीएवढे असते. दोन रूपे घेतली म्हणून दोन संकेतस्थळे उभारावी लागत नाहीत. एका नावावर संकेतस्थळ उभारावे आणि दुसरे नाव तेथे वळवून द्यावे. पाटाच्या दोन चाऱ्या एकाच शेतात सोडाव्यात, तसे हे आहे. ग्राहकाने कोणतेही रूप टाइप केले तरी तो तुमच्याकडेच येतो. ई-मेलसाठीही अशीच सोय करून घ्यावी.

मात्र पेटीवर आणि बिलावर एकच रूप छापावे. कधी 'आंबा' तर कधी 'आंबे' असे छापले तर आपणच ग्राहकाला गोंधळात टाकतो.

उलटपक्षी, हाती पैसे आहेत म्हणून वीस-पंचवीस नावे घेऊन ठेवणे व्यर्थ होय. दर वर्षी तेवढ्यांचे नूतनीकरण करावे लागते. मुख्य रूप, दुसरे वचन आणि सर्वांत अधिक होणारी स्पेलिंगची चूक, एवढी तीन नावे बहुतेक गटांना पुरेशी आहेत.

नावात मालाचा शब्द असला की शोधयंत्रात आपले संकेतस्थळ आपोआप वर येते, असा एक समज आहे. पूर्वी त्यात थोडे तथ्य होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत बदल करून, केवळ नाव जुळते म्हणून वर येणाऱ्या निकस संकेतस्थळांचा लाभ काढून घेतला. आता मजकूर, माहितीचा खरेपणा आणि ग्राहकाचा विश्वास यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दुसऱ्याने दुसरे रूप घेतले तर?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, एका गटाने आपल्या फळाचे एकवचनी नाव घेतले आणि दोन वर्षांनी त्याचेच अनेकवचन एखाद्या व्यापाऱ्याने घेतले. गटाला काही करता येईल काय?

नाव केवळ मालाचे असेल तर बहुधा काही करता येत नाही. 'आंबा', 'डाळिंब', 'बेदाणा' हे शब्द सर्वांचे आहेत. मालाचे केवळ वर्णन करणाऱ्या शब्दावर व्यापारचिन्हाचा हक्क सहसा मिळत नाही. त्यामुळे एकवचन एकाचे आणि अनेकवचन दुसऱ्याचे, अशी स्थिती पूर्णपणे कायदेशीर असू शकते.

जागतिक पातळीवरही हा घोळ झाला आहे. डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने २०१२ साली नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागविले. तेव्हा 'कार' आणि 'कार्स' अशा जोड्यांसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे अर्ज आले. या दोहोंमुळे लोकांची गफलत होईल की नाही, यावर लवाद नेमले गेले आणि एकाच जोडीवर निरनिराळ्या लवादांनी निरनिराळे निर्णय दिले. अखेर 'कार' आणि 'कार्स' या दोन्ही शेपट्या वापरात आल्या. तज्ज्ञ लवादांचे जेथे एकमत होत नाही तेथे आपल्या गटाने न्यायालयाच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

परंतु नावात तुमची स्वतःची ओळख असेल तर चित्र बदलते. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' या कंपनीने 'रॅडिफ' या नावाविरुद्ध दाद मागितली होती. रोमन लिपीत फरक एकाच अक्षराचा होता. न्यायालयाने 'रॅडिफ' नाव वापरण्यास मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, डोमेन हा केवळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. 'इन' शेपटीच्या नावांसाठी तंटा निवारणाची वेगळी पद्धतही आहे. दुसऱ्याने वाईट हेतूने तुमच्या नावासारखे नाव घेतले असेल तर तेथे दाद मागता येते.

यातील मथितार्थ असा : मालाच्या नावाला आपल्या गटाचे, वाडीचे किंवा बागेचे वेगळे नाव जोडावे. तुमच्या बागेच्या वेगळ्या नावापुढे 'आंबा' असे डोमेन असेल आणि कोणी त्याचेच 'आंबे' करून घेतले तर, त्याला तुमच्या बागेचे नाव का सुचले, याचे उत्तर द्यावे लागेल. नुसत्या 'आंबा'चे 'आंबे' करणाऱ्याला कोणी काही विचारू शकत नाही. तसेही मालाच्या एका शब्दाची इंग्रजी नावे बहुतेक सर्व केव्हाच घेतली गेली आहेत. तेव्हा जोडनावाशिवाय आपल्यापुढे मार्गही नाही, आणि तोच मार्ग अधिक सुरक्षित आहे.

प्रांताचे नाव जोडताना

आपल्या राज्यातील अनेक मालांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापूरचा गूळ, सांगलीचा बेदाणा, सोलापूरचे डाळिंब, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही त्यांतील काही नावे. २०१८ साली 'हापूस'ला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी मानांकन मिळाले. असे नाव डोमेनमध्ये घेतल्याने मानांकनाचा हक्क मिळत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तद्वतच, माल त्या भागातील नसताना त्या भागाचे नाव डोमेनमध्ये घालणे म्हणजे तक्रारीला आमंत्रण देणे होय. परप्रांतीचा आंबा हापूस म्हणून खपविला जातो, ही आपली जुनी तक्रार आहे. तीच चूक आपल्याकडून होऊ नये.

नोंदणी करताना घ्यावयाची काळजी

१) नाव बोलून पाहावे. पाच ओळखीच्या माणसांना फोनवर नाव एकदाच सांगावे आणि लिहून घेण्यास सांगावे. पाचांपैकी दोघांनी चुकीचे लिहिले तर नाव बदलावे. पेटीवर क्यूआर कोड छापला तरी ही परीक्षा सोडू नये. शेजारणीला तोंडी सांगितलेल्या नावात कोड नसतो.

२) नाव घेण्यापूर्वी त्याचे दुसरे वचन कोणाकडे आहे, हे संगणकावर उघडून पाहावे. त्याच मालाचा व्यापारी तेथे आधीच बसला असेल तर ते नाव सोडून द्यावे. तुमच्या जाहिरातीवर त्याचा धंदा चालेल.

३) नावात आडवी रेघ किंवा आकडे घालू नयेत. रेघ चालते, परंतु तोंडी सांगताना ती हटकून राहून जाते. नियमाप्रमाणे नाव ६३ अक्षरांपर्यंत असू शकते. व्यवहारात पंधरा अक्षरांच्या आत ठेवावे.

४) नोंदणी गटाच्या किंवा कंपनीच्या नावावर करावी. संगणक दुकानदाराच्या किंवा एकट्या सचिवाच्या नावावर करू नये. नोंदीत ज्याचे नाव, त्याचे डोमेन. मुख्य नाव गटाचे आणि दुसरे वचन दुकानदाराच्या नावावर, असेही होऊ देऊ नये.

५) नोंदणीचा ई-मेल, परवलीचा शब्द आणि पावती गटाच्या दप्तरात ठेवावी. किमान दोन पदाधिकाऱ्यांना ती माहीत असावी.

६) पहिल्या वर्षाचे शुल्क पुष्कळदा सवलतीचे असते. दुसऱ्या वर्षाचे किती, हे आधीच विचारावे.

७) नूतनीकरण हंगामाच्या बरेच आधी करावे. सर्व रूपांची मुदत एकाच तारखेला संपेल अशी व्यवस्था करावी. मुदत टळल्यावर 'कॉम'सारख्या नावांना काही काळ सवलत मिळते, त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून नाव परत घेता येते. पुढे मात्र ते कोणालाही घेता येते. असे मोकळे झालेले नाव टिपण्यासाठी लोक टपलेलेच असतात.

मालवार शिफारस

आंबा : घरगुती विक्रीसाठी बागेचे नाव आणि 'हापूस'. माल त्याच जातीचा आणि मानांकनाच्या भागातील असावा. अन्य जातींसाठी 'आंबा' मुख्य, 'आंबे' वळविलेले.

द्राक्ष : इंग्रजी नाव असल्यास 'ग्रेप्स'. रसासारख्या पक्क्या मालासाठी 'ग्रेप'.

बेदाणा : घाऊक विक्रीसाठी 'बेदाणा'. इंग्रजीत किरकोळ विक्रीसाठी 'रेझिन्स'.

डाळिंब : मराठीत एकवचन. इंग्रजी शब्द लांब आणि स्पेलिंगला अवघड असल्याने शक्यतो टाळावा.

काजू, चिकू, गूळ, हळद, मध : वचनाचा प्रश्न नाही. स्पेलिंगची दोन रूपे घ्यावीत.

मिरची : मराठीत 'मिरची'. 'मिरच्या' किंवा इंग्रजी नाव घेऊ नये.

थोडक्यात सांगायचे तर, घाऊक ग्राहकाला एकवचन, घरच्या ग्राहकाला अनेकवचन, शंका असेल तेथे मूळ रूप, आणि जमेल तेथे दोन्ही. परंतु सर्वांआधी त्या नावात आपली स्वतःची ओळख हवी आणि ते नाव गटाच्याच ताब्यात हवे. बांध कोरणारा शेजारी एकेक वीतच कोरतो. येथे तर एका अक्षराचाच बांध आहे. तो आजच घालून घ्यावा.

मेळाव्यानंतर गटाची बैठक होईल तेव्हा एवढेच करावे. आपल्या मालाचे नाव कागदावर लिहावे, त्याचे एकवचन, अनेकवचन आणि होणाऱ्या चुका शेजारी लिहाव्यात, आणि गेल्या हंगामातील दहा ग्राहकांनी फोनवर नेमका कोणता शब्द वापरला होता, हे आठवून त्यापुढे खूण करावी. ज्या रूपापुढे अधिक खुणा पडतील ते तुमचे नाव.